दोन बटणांचं जुनं घड्याळ: कमी भावातला क्रोनोग्राफ नागपुरात कसा शोधावा, तपासावा आणि सांभाळावा

गेल्या पावसाळ्यात इतवारीतल्या काकाजींच्या टेबलावर दोन क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या हातघड्याळांची, मशीन उघडी होती. काकाजी म्हणजे माझे घड्याळजी. धूळ बसू नये म्हणून दोन्हींवर काचेचे ग्लास पालथे घातलेले. एक स्वित्झर्लंडचं, वाल्जू 7734. दुसरं मॉस्कोचं, पोल्योट 3133. त्यांनी आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाहा जी, फरक सांगा." ब्रिज, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, त्याच आकाराचे, कॅम, म्हणजे भाग ढकलणारी चकती, तसाच, स्प्रिंगांची वळणंही तीच. फरक सांगायला मला बराच वेळ लागला.

मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यानं सत्तरच्या दशकात 7734 बनवायची यंत्रसामग्रीच स्वीसांकडून विकत घेतली होती. त्यावर त्यांनी ताशी ठोके 18,000 वरून 21,600 केले, घर्षण कमी करणारे खडे 17 वरून 23 केले आणि 1976 पासून स्वतःच्या नावानं घड्याळ काढलं. हेच 7734 रोलेक्सच्याच घराण्यातल्या ट्यूडरच्या 7031 क्रोनोग्राफमध्येही आहे. ट्यूडर आज मोटारीच्या भावात जातो आणि पोल्योट मोबाइलच्या. दोन्हींच्या पोटात जवळपास एकच यंत्र.

संग्राहकांच्या बाजारात पैसा नावाला मिळतो. 2017 च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांची स्वतःची रोलेक्स डेटोना 1 कोटी 77 लाख डॉलरच्या वर गेली. त्याच्या आधीपासूनच जुन्या क्रोनोग्राफचे भाव चढत होते, त्या दिवसानंतर ते बातम्यांत आले. डेटोना, स्पीडमास्टर, होयर कॅरेरा ही नावं आपल्यासारख्या पगारदाराच्या हातातून गेली ती गेलीच. पण त्याच काळात, त्याच तोडीच्या यंत्रांवर बनलेली कितीतरी घड्याळं अजून कमी भावात पडून आहेत. त्यातली काही नागपूरच्या घरांत, लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांशेजारी आहेत. ती कशी ओळखायची, तपासायची, त्यांना किती पैसे द्यायचे आणि आपल्या उन्हापावसात ती कशी टिकवायची, हे इथे क्रमानं लिहितो आहे.

पहिली पायरी: घड्याळाच्या आधी कारागीर शोधा

लोक उलटं करतात. आधी घड्याळ घेतात, मग ते बंद पडलं की सीताबर्डीच्या दुकानांतून हिंडतात. आज बहुतेक दुकानांत सेल बदलतात, पट्टा घालून देतात, फार तर साधं चावीचं घड्याळ ऑइलिंग करून देतात. क्रोनोग्राफ वेगळी गोष्ट आहे. वेळ दाखवणाऱ्या मशीनवर स्टॉपवॉचचा दुसरा मजला चढवलेला असतो. स्टॉपवॉचला मशीनशी जोडणारा क्लच, काटा शून्यावर आणणारा हॅमर, हार्टच्या आकाराचे कॅम, ब्रेक, आणि प्रत्येकाची स्वतःची बारीक स्प्रिंग. एक स्प्रिंग उडून फरशीवर गेली की घड्याळ महिनोन्‌महिने डबीत राहतं.

कारागिराची परीक्षा क्रोनोग्राफ देऊन घेऊ नका. घरातलं एखादं जुनं एचएमटी किंवा सीको 5 ऑइलिंगला द्या. परत आल्यावर मागचं झाकण त्याच्याच समोर उघडायला सांगा आणि आयग्लासमधून फक्त स्क्रूची डोकी पाहा. ज्याचा स्क्रूड्रायव्हर चिरेत नीट बसतो त्याच्या हातून स्क्रूच्या कडा सोललेल्या दिसत नाहीत. डोक्यावर चमकदार ओरखडे, चिर रुंद झालेली, ब्रिजवर घसरल्याच्या रेघा असं दिसलं तर नमस्कार करून निघा. मग विचारा: मशीन पूर्ण खोलून धुता, की वरून तेल सोडता? घड्याळाची चाल मोजणारं टायमिंग मशीन आहे का? क्रोनोग्राफ शेवटचा कधी खोलला, कोणता? जो खरंच खोलतो तो मशीनचा नंबर सांगतो. "सगळे एकसारखेच असतात" असं जो म्हणतो, त्याला क्रोनोग्राफ देऊ नका.

काकाजींनी माझी पहिली सीको घेतली तेव्हा ती लगेच उघडली नाही. कानाशी धरली, वरचं बटण दाबलं, मिनिटभर ऐकलं, पुन्हा वरचं दाबून थांबवलं, मग खालचं दाबलं. काटा बारावर परत आला, पण केसभर पुढे थांबला. "हॅमर चांगला आहे, काटा सरकला आहे," ते म्हणाले. उघडल्यावर तेच निघालं. असा माणूस सापडला की त्याची मजुरी घासाघीस करून पाडू नका. क्रोनोग्राफच्या सर्व्हिसला कित्येक दिवस जातात.

दुसरी पायरी: कोणती मशीन शोधायची

माझा पहिला सल्ला सीको 6139 चा आहे.

1969 साली जगात तीन ठिकाणी ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी भरणारे, क्रोनोग्राफ बनले. झेनिथनं जानेवारीत एल प्रिमेरो जाहीर केला, मार्चमध्ये होयर, ब्राइटलिंग आणि हॅमिल्टन-बुरेनच्या गटानं कॅलिबर 11 आणला, आणि त्याच वर्षी जपानमध्ये सीकोनं 6139 दुकानात ठेवलं. पहिला कोण यावर लोक भांडत बसतात. मला त्या भांडणात रस नाही. मला रस आहे तो सीकोनं त्यात काय घातलं यात. कॉलम व्हील आणि उभा क्लच, दोन्ही. कॉलम व्हील म्हणजे बुरुजासारखं छोटं दातेरी चाक, जे बटणाचा हुकूम पुढे पोचवतं. उभ्या क्लचमुळे बटण दाबल्यावर सेकंदकाटा उडी न मारता निघतो. आजच्या महागड्या घड्याळांत ह्याच दोन गोष्टींची जाहिरात होते.

अमेरिकन अंतराळवीर कर्नल विल्यम पोग 1973-74 मध्ये स्कायलॅब 4 मोहिमेवर 84 दिवस अंतराळात होते, तेव्हा त्यांच्या मनगटावर पिवळ्या डायलचं 6139 होतं. म्हणून त्या पिवळ्याला संग्राहक 'पोग' म्हणतात आणि त्याचा भाव चढला आहे. निळं डायल, चंदेरी डायल, वेगळ्या आकाराची केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, ही त्याच मशीनची भावंडं मागे राहिली आहेत. तिथे शोधा.

आपल्या बाजूनं एक गोष्ट आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत कुवेत, दुबई, सौदीला गेलेली माणसं परत येताना टेप-रेकॉर्डर, घड्याळ आणि अत्तर आणायची. माझ्या वडिलांच्या मामांनी कुवेतहून आणलेलं निळं 6139 त्यांच्या पत्र्याच्या पेटीत निघालं, पासपोर्टाच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. वाराची चकती इंग्रजी आणि अरबी. डायलच्या रंगापेक्षा ती चकती पाहून मला जास्त आनंद झाला, कारण ती सांगते की हे घड्याळ खाडी देशातूनच आलं आहे, कुणी जुळवून उभं केलेलं नाही.

सीकोचं वय काढायला कागद लागत नाही. मागच्या झाकणावर सहसा सहा आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्यासारखं ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. मामांच्या घड्याळावर 48 नं सुरुवात आहे, म्हणजे 1974 चा ऑगस्ट. 6139 1969 ते 1979 एवढ्याच काळात बनलं, म्हणून सहसा दशकाचा घोळ होत नाही. पहिला आकडा 9 असेल तरच 1969 की 1979 हे डायल आणि झाकणावरच्या मजकुरावरून ठरवावं लागतं. सुरुवातीच्या घड्याळांवर पाण्याबाबत 'प्रूफ' हा शब्द असतो, नंतरच्यांवर 'रेझिस्ट'. डायलवर एक आणि झाकणावर दुसरा शब्द असेल तर प्रश्न विचारा.

6139 ला एक मिनिटांची छोटी चकती आहे, 6138 ला तासांचीही. 6138 ला हातानं चावी भरता येते, 6139 ला येत नाही. खूप लोक 6139 ची चावी फिरवत बसतात आणि "चावी भरत नाही" म्हणून बिघडलं समजतात. हे घड्याळ हलवूनच सुरू होतं. चावी हलकेच आत दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. आणि ह्याला चालू सेकंदकाटा नाही. मोठा काटा थांबलेला आहे म्हणजे घड्याळ बंद आहे असं समजू नका.

सिटिझन 8110 अजून कमी लोकांना ठाऊक आहे. ठोके ताशी 28,800, कॉलम व्हील, उभा क्लच, आणि वर फ्लायबॅक, म्हणजे काटा चालू असतानाच खालचं बटण दाबलं तर तो शून्यावर येऊन लगेच पुन्हा निघतो. एवढं सगळं असून सीकोच्या मागेच राहिलं. सुटे भाग मिळायला जड, हे त्याचं दुखणं. म्हणून 8110 घ्यायचं तर चालू आणि पूर्ण घ्या, अर्धवट घेऊ नका.

पोल्योट 3133 बद्दल वर लिहिलंच. ते चावीचं आहे, सुटे भाग अजून मिळतात, आणि सोव्हिएत काळातल्या डायलच्या तळाशी रशियन लिपीत 'सोव्हिएत संघात बनवलेलं' असं छापलेलं असतं. 1991 नंतरच्या घड्याळांवर ते नसतं.

मग येतात नाव नसलेली स्वीस घड्याळं. साठ-सत्तरच्या दशकांत शेकडो छोट्या कंपन्या तयार मशीन विकत घेऊन स्वतःचं डायल लावायच्या. आत वाल्जू 7733 निघालं तर दोन चकत्या, 7734 ला सोबत तारीख, 7736 ला तिसरी, बारा तासांची. होयरनंही आपल्या ऑटाव्हिया मॉडेलच्या काही घड्याळांत 7734 आणि 7736 वापरलं. डायलवर कधी न ऐकलेलं नाव आणि आत हे मशीन, असं जमलं तर थांबून नीट पाहा. आणि आत वाल्जू 72 किंवा 23 निघालं, जे कॉलम व्हीलचं आहे, तर मालकालाही सांगा की त्याच्याकडे काय आहे. वाल्जू 72 वरच जुनी डेटोना आणि पहिली कॅरेरा चालत होती.

ऐंशी-नव्वदच्या दशकांतली वाल्जू 7750 वाली घड्याळंही विसरू नका. हे मशीन 1974 साली आलं आणि आजही बनतं, त्यामुळे भागांची चिंता नाही. घड्याळ जाड असतं, चावी भरणारं फिरतं वजन, म्हणजे रोटर, हातावर गरगरतो, काहींना तो आवडत नाही. मला आवडतो.

एक खास गोष्ट इतवारीच्या सराफा ओळीसाठी. पन्नासच्या आसपासची सोन्याची 'क्रोनोग्राफ स्वीस' घड्याळं, 18 कॅरेटची, आत लँडरॉन 48 किंवा तसंच मशीन, अधूनमधून मोडीत येतात. केस पोकळ आणि पातळ असते, वजनात सोनं फार भरत नाही, पण सराफ मशीन काढून केस वितळवतो. घरात असं घड्याळ असेल तर मोडीला देण्याआधी घड्याळाचा भाव काढा. लँडरॉन 48 ला वरचं बटण फक्त सुरू करतं; थांबवायला आणि शून्यावर आणायलाही खालचंच. वरच्या बटणानं थांबत नाही म्हणून ते नादुरुस्त ठरवून स्वस्तात विकलं जातं. ही माहिती तुमच्या कामी येईल, पण विकणाऱ्या आजींनाही ती सांगा.

तिसरी पायरी: हातात आल्यावरची तपासणी

विकणाऱ्याकडे किमान चाळीस मिनिटं बसायची तयारी ठेवा. चहा घ्या, घाई दाखवू नका.

क्रोनोग्राफ सुरू करा आणि चालू ठेवा. प्रत्येक साठ सेकंदांनी मिनिटांचा काटा एक घर पुढे जायला हवा, अर्धवट अडकायला नको. तीस मिनिटांचा फेरा पूर्ण होऊ द्या. दोन मिनिटं चालवून "चालतो" म्हणणारे बरेच. काटा अठराव्या मिनिटाला अडकणारी घड्याळं मी पाहिली आहेत. स्वीस आणि रशियन मशीनमध्ये सुरू होताना काट्यानं किंचित उडी घेतली तर घाबरू नका, आडव्या क्लचचा तो स्वभाव आहे. सीको-सिटिझनमध्ये तशी उडी दिसली तर मात्र कारण विचारा.

मग थांबवा, शून्यावर आणा. पाच वेळा. पाचही वेळा काटा एकाच जागी थांबला, भले ती जागा बारापासून थोडी बाजूला असेल, तर काटा काढून परत बसवला की काम झालं. दर वेळी वेगळ्या जागी थांबला तर हॅमर किंवा कॅम झिजला आहे आणि तो खर्च मोठा आहे. ह्या एका फरकावर मी भाव ठरवतो.

फ्लायबॅक नसलेल्या घड्याळात काटा चालू असताना खालचं बटण कधीच दाबू नका, विकणाऱ्यालाही दाबू देऊ नका. आणि रात्री नऊ ते पहाटे चारच्या मधे तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेची दाती गुंतलेली असते.

झाकण उघडायला सांगा. नाही म्हणाला तर भाव अर्ध्यावर आणा किंवा उठा. आत मशीनचा नंबर वाचा, गंज शोधा, रोटरच्या कडेला घासल्याच्या खुणा पाहा, आणि पुन्हा स्क्रूची डोकी. मोबाइलमध्ये घड्याळाचा आवाज ऐकून दर मोजणारी अॅप मिळतात. शांत खोलीत ती बऱ्यापैकी काम देतात. दिवसाला वीस-तीस सेकंद पुढे-मागे असणं जुन्या घड्याळात सुधारण्यासारखं आहे. कारागिराच्या मशीनवर बॅलन्स या डोलणाऱ्या चाकाचा झोका, ज्याला ते अॅम्प्लिट्यूड म्हणतात, पूर्ण चावी भरल्यावर 250 अंशांच्या वर असला तर प्रकृती चांगली. 200 च्या खाली असेल तर सर्व्हिसचा खर्च आत्ताच भावातून वजा करा.

दोन बटणं आणि तीन चकत्या आहेत म्हणजे क्रोनोग्राफ आहे असं नाही. वार, तारीख, चोवीस तास दाखवणाऱ्या चकत्याही असतात, आणि सेलवरची तर असंख्य आहेत. बटण दाबून पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नका.

चौथी पायरी: डायल

जुन्या घड्याळाची निम्मी किंमत डायलमध्ये असते, आणि फसवणूकही तिथेच होते. आपल्या देशातल्या रंगवलेल्या डायलांना परदेशी संग्राहकांनी 'मुंबई स्पेशल' असं नावच दिलं आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण ते नाव आपणच कमावलं आहे. खराब डायल घासून, रंग देऊन, नवं नाव छापून चकचकीत करतात. घड्याळ चालतं, पण संग्राहकासाठी ते संपलेलं असतं.

माझं पहिलं खरेदी केलेलं क्रोनोग्राफ तसंच निघालं. पांढरं डायल, काळ्या चकत्या, फोटोत देखणं. विकणारा दुसऱ्या शहरातला होता, पैसे आधी पाठवले. काकाजींनी आयग्लासखाली धरून मला फक्त एक जागा दाखवली. मूळ डायलच्या छोट्या चकत्यांत ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा कोरलेल्या असतात. प्रकाशात घड्याळ तिरपं केलं की त्यावर उजेडाची पट्टी फिरते. माझ्या घड्याळात त्या रेघा रंगानं बुजल्या होत्या, पट्टी फिरतच नव्हती. एका कोपऱ्यात रंगाखालून जुन्या छपाईचा उंचवटा दिसत होता. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून चकत्यांचा तिरपा फोटो मागितल्याशिवाय मी भाव विचारत नाही. तुम्हीही मागा: डावीकडून एक, उजवीकडून एक, उन्हात काढलेला.

आणखी काय पाहायचं? अक्षरांच्या कडा धारदार हव्यात, शाई पसरलेली नको. तारखेच्या खिडकीच्या कडा सरळ हव्यात. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा चमकणारा मसाला एकाच रंगाला पिवळा पडलेला हवा. एक पांढरा, एक तपकिरी असेल तर काटे बदललेले आहेत. स्वीस डायलच्या तळाशी 'टी स्विस टी' असेल तर मसाला किरणोत्सारी ट्रिटियमचा, आणि ट्रिटियमचं अर्धं आयुष्य सव्वाबारा वर्षांचं. पन्नास वर्षांपूर्वीचा मसाला आज रात्रभर लख्ख चमकत असेल तर तो नंतर भरलेला आहे. साठच्या आधीच्या घड्याळात रेडियम असू शकतं, तेही किरणोत्सारी. ते खरवडू नका, घरी उघडू नका, मुलांच्या हातात देऊ नका.

सीकोच्या डायलवर खाली अगदी बारीक अक्षरांत कोड असतो. पहिले चार आकडे मशीनशी जुळायला हवेत. पुढचे चार झाकणावरच्या केस नंबरपेक्षा वेगळे असतात, त्यात खोट नाही. त्यावरून चांगली घड्याळं नाकारलेली मी पाहिली आहेत. कोडच नसेल किंवा तो फुसका छापलेला असेल तर डायल बाजारातलं नवं आहे. 6139 साठी असे नवे डायल, काटे, कडी सगळं मिळतं. वापरायला घेत असाल तर हरकत नाही, पण मूळ भाव देऊ नका.

केसबद्दल एकच. कारागिराला घड्याळ देताना पावतीवर लिहून घ्या: पॉलिश करू नये. आपल्याकडे प्रेमानं बफ मारून देतात. एकदा कडा गोल झाल्या की त्या परत येत नाहीत. ओरखडे राहू द्या.

पाचवी पायरी: भाव काढणे

मागितलेला भाव हा भाव नसतो. ईबे या विक्रीच्या वेबसाइटवर 'विकलेले' हा पर्याय निवडा आणि त्याच मॉडेलची शेवटची दहा विक्री लिहून काढा. वरच्या दोन आणि खालच्या दोन खोडा. उरलेल्या सहांची सरासरी हा चांगल्या स्थितीतल्या घड्याळाचा बाजारभाव. त्यातून सर्व्हिस वजा करा. डायल रंगवलेलं असेल तर निम्मे वजा करा. काटे किंवा चावी बदललेली असेल तर अजून. जे उरेल ते तुमचं शेवटचं बोलणं, आणि ते घरून ठरवून निघा.

2022 च्या सुरुवातीला घड्याळांचे भाव खूप वर गेले होते, नंतर उतरले. त्या वेळचे आकडे दाखवून कुणी विकत असेल तर तारीख विचारा. जपानच्या लिलावातून मध्यस्थामार्फत मागवणार असाल तर मध्यस्थाचं कमिशन, टपाल, सीमाशुल्क आणि आयजीएसटी आधी धरा. स्वस्त दिसलेलं घड्याळ नागपुरात पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही. त्यापेक्षा इथे शोधणं बरं.

सहावी पायरी: नागपुरात कुठे विचारायचं

दुकानांत शोकेसकडे पाहू नका, ड्रॉवरबद्दल विचारा. इतवारी, महाल, सदर, सीताबर्डी इथल्या जुन्या दुकानांत लोक दुरुस्तीला टाकून कधी न्यायला न आलेली घड्याळं असतात. दुकानदार ती सहजासहजी काढत नाही. दोन-तीनदा जा, काही दुरुस्त करून घ्या, मग विषय काढा.

दुसरी जागा म्हणजे माणसं. ह्या शहरात रेल्वेतून, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून, वायुसेनानगरातून निवृत्त झालेली कितीतरी घरं आहेत, आणि खाडी देशातून परतलेलीही. नातेवाइकांत, कॉलनीत, सकाळी फिरायला येणाऱ्या काकांत फक्त एवढं सांगून ठेवा: "दोन बटणांचं जुनं घड्याळ कुणाकडे असेल तर मला दाखवा, विकायचं नसलं तरी चालेल." त्या शेवटच्या वाक्यानं दारं उघडतात.

घरी गेलात की आधी गोष्ट ऐका. कुणी आणलं, कुठून, कधी थांबलं. ती लिहून ठेवा, फोटो काढा, जुनं बिल किंवा डबा आहे का विचारा. मग खरा भाव सांगा. ज्या माणसाला किंमत ठाऊक नाही त्याच्याकडून दोनशे रुपयांत घड्याळ उचलणं मला चोरीपेक्षा वेगळं वाटत नाही. एकदा एका आजींना मी भाव सांगितला तर त्यांनी घड्याळ विकायचं रद्द केलं आणि नातवासाठी दुरुस्त करून मागितलं. काकाजींकडे मीच घेऊन गेलो. पैसे देताना यूपीआय किंवा बँकेतून द्या आणि साध्या कागदावर घड्याळाचा नंबर घालून दोघांच्या सह्यांची पावती करा. चोरीचं घड्याळ गळ्यात पडू नये म्हणून एवढी काळजी पुरते.

सातवी पायरी: नागपूरच्या हवेत सांभाळणे

पन्नास वर्षांच्या घड्याळावर पाण्याबद्दल काहीही लिहिलेलं असो, ते पाण्याचं नाही. आतली रबराची कडी कडक झालेली असते. सर्व्हिसच्या वेळी नवी घाला आणि तरीही भांडी घासताना, अंघोळीला, तेलंगखेडीच्या पावसात भिजताना काढून ठेवा.

आपला खरा शत्रू मात्र कूलर आहे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नवतपा सुरू होतो, घराघरात वाळ्याचे कूलर दिवसरात्र चालतात आणि खोलीभर दमट हवा फिरते. कूलरसमोरच्या टेबलावर ठेवलेल्या घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरलेली मी पाहिली आहे, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच डायलवर गंजाचे ठिपके. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घड्याळ झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत ठेवा. पुड्या दर महिन्याला बदला. काचेआड वाफ दिसली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर घड्याळ ठेवू नका. तेल पातळ होऊन पसरतं. मोबाइलच्या स्पीकरवर किंवा चुंबकाच्या झाकणाच्या पर्सवर ठेवू नका; बालकमानी, म्हणजे बॅलन्सची बारीक स्प्रिंग, चुंबकली की घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावू लागतं. ते दुरुस्त व्हायला मिनिट लागतं, पण कारण कळेपर्यंत लोक मशीन खोलून बसतात.

आठवड्यातून एकदा चावी भरा किंवा हातात घाला, आणि क्रोनोग्राफ दोन-तीन मिनिटं चालवा. वापरात राहिलेली बटणं अडकत नाहीत. तीन-चार वर्षांनी कारागिराला दाखवा, पाच-सहा वर्षांनी पूर्ण ऑइलिंग.

आणि बाहेर काढा. डायलच्या कडेला जे आकडे असतात, 500 पासून 60 पर्यंत उतरणारे, ती टॅकीमीटरची, म्हणजे वेग मोजायची, पट्टी. वर्धा रोडला गाडी चालवणाऱ्याशेजारी बसलेले असताना किलोमीटरच्या दगडापाशी वरचं बटण दाबा, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबा. 45 सेकंद लागले तर काटा 80 वर असेल. समृद्धीवर, 120 च्या वेगानं, किलोमीटर 30 सेकंदांत सरतो. मामांचं निळं 6139 बुटीबोरीच्या अलीकडे काटा 76 वर थांबवून उभं राहिलं. गाडी चालवणाऱ्या माझ्या भावानं स्पीडोमीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुन्हा लाव."